चौथी कड

१२ जानेवारी २०१९ रोजी नोहेआने लास वेगासच्या एका दुकानातून दोनशे एकोणचाळीस डॉलर नव्वद सेंटला एक गालिचा विकत घेतला आणि त्याचा फोटो हवाई बेटांवरच्या हिलोला बापाकडे पाठवला. गालिचा वाळूच्या रंगाचा, कडेने हिरवी पट्टी आणि चारही कोपऱ्यांत एकेक अननस. खाली तिने लिहिलं होतं, ‘पपा, आता आमचं घर बेटावरच्यासारखं दिसतं की नाही?’

सॉलोमन काउपूने तो फोटो आधी चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला आणि शेवटी फोन लावला.

“पोहोचला का फोटो?” नोहेआने विचारलं.

“पोहोचला. अननस कोणी सांडलेत?”

“डिझाइन आहे ते, पपा.”

“आपल्या घरात जमिनीवर अननस कधी होते? तुझ्या आईने उचलायला लावले असते.”

नोहेआ हसली. मग तिने फोन हातात घेऊन सगळी खोली फिरवून दाखवली. कासवांच्या चित्रांचे पडदे, वेताचा दिवा, सोफ्यावर लाल फुलांच्या उशा. दाराशी एक लाकडी पाटी होती : कृपया चपला बाहेर काढा.

“पाटी कशाला?” सॉलोमनने विचारलं. “चपला काढायला कोणाला शिकवावं लागतं?”

“इथे लागतं. परवा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस बुटांसकट पलंगापर्यंत गेला.”

“आणि तू बघत राहिलीस?”

“मी पाटी लावली.”

सॉलोमनला केऔकाहा या त्याच्या वस्तीत सगळे सोल म्हणत. वय एकाहत्तर. हिलोच्या बंदरात तेहतीस वर्षं त्याने बार्जवरचा, म्हणजे सपाट मालबोटीवरचा, माल दोरखंडांनी आणि साखळ्यांनी आवळण्याचं काम केलं होतं. त्याचं घर समुद्र आणि विमानतळ यांच्या मधल्या पट्टीत, लाकडी खांबांवर उभं, वर पत्रा. विमान उडालं की फडताळातल्या बश्या वाजत आणि बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबे. विमान समुद्रावर गेलं की त्याच शब्दापासून पुढे बोले. केऔकाहातली मुलं चालण्याआधी हे थांबणं शिकतात.

“पपा, एक मागू?” नोहेआ म्हणाली. “आतल्या खोलीत मम्माची ती चटई गुंडाळून ठेवली आहे ना...”

नेमकं तेव्हाच विमान आलं. तीन हजार मैलांवरून नोहेआने तो आवाज ऐकला आणि ती थांबली. आवाज विरल्यावर म्हणाली, “...ती मला द्याल? ह्या गालिच्याचे धागे आत्ताच निघायला लागलेत. माइले त्यावर बसली की पोरीच्या पायांना पुरळ येतं. मला आपली चटई हवी आहे. हालाच्या पानाची.”

“ती पुरी झालेली नाही. तीनच कडा दुमडल्यात. चौथी तशीच सुटी आहे.”

“असू दे. ती बाजू मी सोफ्याखाली घालीन.”

सोलने खिडकीतून अंगणात पाहिलं. “ती इथल्या पुढच्या खोलीसाठी विणलेली चटई आहे,” तो म्हणाला. “इथेच राहील. तुम्ही परत आलात की तिघं मिळून तिच्यावर बसा.”

“बरं, पपा,” नोहेआ म्हणाली.

नोहेआ आणि तिचा नवरा ब्रायसन सहा वर्षांपूर्वी वेगासला गेले होते. हिलोत दोघं मिळून तीन ठिकाणी कामं करत आणि तरी घरभाडं देताना महिना तोकडा पडे. वेगासला ब्रायसनला एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात जागा मिळाली. जाताना नोहेआ म्हणाली होती, दोन वर्षं. नंतर दर नाताळला म्हणे, पुढच्या वर्षी नक्की. ते ऐकून सोलने एका वर्षी तिच्या खोलीला रंग काढला, एका वर्षी न्हाणीघराची फरशी बदलली. त्याची बायको हॅटी मात्र फोनवर नुसतं “हो गं” म्हणे आणि पुन्हा विणायला बसे. जेवण झाल्यावर खेळते म्हणणाऱ्या पोरीला जसं “हो गं” म्हणतात, तसं.

हॅटी २०१७ च्या नोव्हेंबरात गेली. हृदयविकाराने, बाजारात, हातात पपयांची पिशवी असताना. पुढच्या खोलीतली जुनी चटई त्या आधीच झिजून मधोमध फाटली होती. ती हॅटीनेच गोळा करून बाहेर काढली होती आणि सोलने विचारलं तेव्हा म्हणाली होती, “नवी विणते आहे ना.” तेव्हापासून खोलीत उघड्या फळ्या होत्या. सोल त्यांच्यावर खुर्ची ठेवून बसे. खुर्चीचे पाय फळीवर घासले की आवाज होई. चटई होती तेव्हा तो आवाज नव्हता, एवढं त्याला रोज जाणवे.

फोन झाल्यावर त्याने मनाशी ठरवलं. चौथी कड पुरी करायची. उन्हाळ्यात नोहेआ आठ दिवसांसाठी येणार होती. तिला पुढची खोली पूर्वीसारखी दिसली पाहिजे. दारातून आत पाऊल टाकलं की तळव्याला चटई लागली पाहिजे. मग ती परत जाणार नाही, असं त्याने कोणाला बोलून दाखवलं नाही, पण त्याचा सगळा हिशेब त्यावरच उभा होता.

विणणाऱ्या बायका दर गुरुवारी चर्चच्या मागच्या पडवीत जमत. सोल पोहोचला तेव्हा हॅटीची मैत्रीण यूनिस आहूना पानांचे काटे काढत होती. बारीक अंगाची, कानाने जरा कमी ऐकणारी, पण तोंडाने कधी मागे न राहणारी बाई.

“रस्ता चुकलास का, सोल? बंदर तिकडे आहे.”

“हॅटीची चटई पुरी करून हवी आहे.”

“कोणाकडून?”

“तुझ्याकडून. वर्षभर मासे आणून देईन.”

“वर्षभर मासे देणारा माणूस सव्वा वर्षात इकडे फिरकला नाही,” यूनिस पानावरची नजर न हलवता म्हणाली. “दुसरीची अर्धी चटई आम्ही हातात घेत नाही. तुला माहीत आहे. जिच्या घरची, तिच्या घरच्याने पुरी करायची. मी शेजारी बसून तोंड चालवीन, बस.”

“घरात मी एकटाच आहे.”

“मग तूच.”

बाकीच्या बायका खाली मान घालून हसल्या. सोलला वाटलं, उठावं आणि चालू पडावं. पण त्याने चपला आधीच काढल्या होत्या आणि यूनिसने त्याच्यासमोर पानांची मोळी ढकलली होती.

हालाचं पान केवड्यासारखंच. दोन्ही कडांना काटे, मधल्या शिरेवर तिसरी रांग. झाडाखाली वाळून पडलेली पानं वेचायची, बुडखा आणि शेंडा कापायचा, काटे सोलायचे, ओल्या फडक्याने पुसायची, सुरीच्या पाठीवरून ओढून मऊ करायची आणि मग एकात एक घालून त्यांचं भेंडोळं करायचं. दोरखंडांनी जे हात तेहतीस वर्षांत सोलले नव्हते ते पहिल्याच गुरुवारी पानांनी सोलले.

“माशाला खवले असतात, तेव्हा नाही कुरकुरत,” यूनिस म्हणाली.

“मासा मेलेला असतो.”

“पानही मेलेलंच आहे. तूच घाबरतोस.”

सोल घरी अंगणात बसून सराव करू लागला तेव्हा कुंपणापलीकडून शेजारीण डेल्फिन मेडेइरोस पाहत राही. ही वर्षातून दोनदा वेगासला जाऊन जुगाराच्या यंत्रांपुढे बसणारी बाई. जाताना एका मोठ्या कुलरमध्ये तिथल्या केऔकाहाकरांसाठी अळूच्या कंदाची पोई, सुके मासे आणि पानात बांधून शिजवलेलं डुकराचं मांस भरून नेई आणि येताना रिकामा कुलर आणि यंत्रांविषयी नवी तक्रार घेऊन येई.

“सोल, मुलाला विणकाम येतं असं सांगून तुझं दुसरं लग्न जमवू का?”

“मुलगी वेगासची नको,” सोल म्हणाला.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याने भांड्याखाली ठेवायची एक लहानशी चटई विणली. ती चौकोनी व्हायची होती, झाली पतंगासारखी. हातचं पहिलं काम शिकवणारीला द्यायचं असतं, म्हणून त्याने ती यूनिसला दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि घरी नेऊन भाताच्या कुकरखाली ठेवली. पुढच्या गुरुवारी म्हणाली, “कुकर डुलतो, पण बसतो. चल, आता चटई बघू.”

ती त्याच दुपारी सोलच्या घरी आली. दोघांनी मिळून हॅटीची चटई आतल्या खोलीतून बाहेर आणली आणि पुढच्या खोलीत उलगडली. सव्वा वर्ष गुंडाळलेली असून ती पाण्यासारखी पसरत गेली. मध्येच तिने समोरच्या भिंतीला टेकून वर चढायला सुरुवात केली.

“थांब, मागे ओढ,” सोल म्हणाला.

मागे ओढली तर ती दाराबाहेर जाऊ लागली. बाजूला मात्र भिंतीपासून हातभर फळ्या उघड्याच राहिल्या. सोलने आडवी फिरवून पाहिली, तरी तेच. खोली बारा फूट बाय बारा फूट. सोलने टेप आणली. चटई साडेनऊ फूट रुंद आणि चौदा फूट लांब होती.

“हॅटीचं माप चुकलं,” तो म्हणाला.

“हॅटीचं?” यूनिस म्हणाली.

हॅटीने चर्चच्या पडवीसाठी, तीन शेजाऱ्यांसाठी आणि याच खोलीसाठी दोनदा चटया विणल्या होत्या. एकही भिंतीपासून बोटभर इकडे तिकडे नव्हती.

यूनिस गुडघ्यांवर बसली. तिने सुट्या कडेची एक पाती दोन बोटांत धरून वाकवली, नखाने ओरखडली, कानाशी नेऊन मोडून पाहिली. “ही पानं तिने कुठे सुकवली?”

“गाडीत.”

“कुठल्या गाडीत?”

“माझ्या व्हॅनमध्ये. काळ्या दगडांवर उन्हात उभी करून, काचा बंद करून. त्या उन्हाळ्यात तीन आठवडे मला गाडी मिळाली नाही. मी म्हटलं, मासे कशात आणू? तर म्हणे, खांद्यावर आण.” सोलला ते आठवून हसू आलं. “बुरशी धरू नये म्हणून करत असेल.”

“हिलोत कोणी पान इतकं सुकवत नाही, सोल. इतकं सुकलं की विणताना बोटं फाटतात. इथे गरजही नाही, हवाच पानाला पाणी पाजते.” यूनिसने पाती खाली ठेवली. “माझ्या बहिणीला मी चटई पाठवली होती, आठवतं? वेगासच्या वाळवंटात गेली आणि वर्षभरात पानं आकसली. वीण अशी उघडली की आत करंगळी जाईल. मी गुरुवारी हे सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या. हॅटी तेवढी हसली नाही. तिने विचारलं, ओलं पान होतं का गं?”

“मग?”

यूनिस उठली, चपला पायात घातल्या. “मला भात लावायचा आहे. तू नोहेआला विचार, तिची खोली केवढी आहे.”

सोलने लगेच फोन केला नाही. आधी त्याने चटईभोवती एक फेरी मारली. मग टेप गुंडाळली, पुन्हा उलगडली, पुन्हा मोजलं. फोन लागला तेव्हा नोहेआ कामावरून परतत होती.

“तुझी बाहेरची खोली केवढी आहे?”

“का, पपा?”

“सांग ना.”

“रुंदीला साडेनऊ काहीतरी. लांबीला चौदा. मम्मानेही विचारलं होतं. आम्ही हे घर भाड्याने घेतलं त्याच महिन्यात. माझ्याकडे टेप नव्हती तर तिने मला पावलापुढे पाऊल लावून चालायला लावलं आणि स्वतः फोनवर मोजत बसली. मग माझ्या पावलाचं माप विचारलं. म्हणाली, माइले कुठून कुठे रांगते ते डोळ्यांसमोर आणायचं आहे.” ती थांबली. “पपा? विमान आलं का?”

“नाही,” सोल म्हणाला. “ठेवतो.”

त्या दुपारी तो समुद्राकडच्या तळ्यांशी जाऊन बसला. ओहोटी होती. दगडांमधल्या उथळ पाण्यात दोन बायका पोरांना घेऊन डुंबत होत्या. सोलला राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. त्याने खोलीला रंग काढला तेव्हा हॅटीनेच डबा धरला होता. फरशी निवडायला ती बरोबर आली होती. निळी घे म्हणाली होती, नोहेआला आवडते. आणि घरी येऊन ती पोरीच्या तिकडच्या खोलीच्या मापाने चटई विणत बसत होती. दीड हाताच्या अंतरावर बसून त्याने ती चटई वाढताना पाहिली होती.

“सांगायचं होतंस,” तो पाण्याकडे बघून म्हणाला.

सांगितलं असतं तर काय झालं असतं, तेही त्याला लगेच समजलं. तो म्हणाला असता, चटई इथेच राहील. जानेवारीत तो तेच म्हणाला होता. हॅटीने त्याला सांगितलं नव्हतं, कारण तिला चटई पुरी करायची होती.

तळ्यातल्या बायकांपैकी एक ओरडून म्हणाली, “अंकल, पाण्यात येता का?” त्याने हात हलवून नाही म्हटलं आणि घरी आला.

डेल्फिनची वेगासची फेरी एप्रिलच्या मध्यावर होती. सोलने कुंपणापाशी जाऊन विचारलं, “एक नग नेशील का?”

“केवढा?”

“घडी केली की पलंगाच्या गादीएवढा.”

“आणि मी कपडे कशात नेऊ?”

“तू कपडे घेऊन जातेस हे मला आजच कळलं. परत तर नुसती रिकामी येतेस.”

“नेईन,” डेल्फिन म्हणाली. “पण वेळेत बांधून दे. विमान तुझ्या कडेसाठी थांबणार नाही.”

चौथी कड साडेनऊ फुटांची. हॅटीने सुकवलेल्या पानांचं एकच भेंडोळं आढ्याला टांगलेलं होतं. सोलने ते खाली काढलं. बाहेरच्या पानावर तिच्या ओल्या फडक्याचा फिकट डाग होता. सोल रोज सकाळी बसे, एक पाती ओढून आत वळवी, चार घरं मागे खोवी, कापी. यूनिस शेजारी बसून तोंड चालवी. ते काम पाहायला डेल्फिनही येऊन बसे आणि दोघी मिळून त्याची चेष्टा करत. पाहता पाहता सात फूट झाले, आठ झाले, आणि मग भेंडोळं संपलं. शेवटच्या कोपऱ्याशी दोन वितींची कड राहिली.

सोलने स्वतः वेचलेली पानं व्हॅनमध्ये ठेवली आणि व्हॅन काळ्या दगडांवर उभी केली. पण तो सगळा आठवडा पावसाचा निघाला. हिलोत त्याचं कोणाला काही वाटत नाही; पत्रा वाजत राहतो आणि माणसं जरा मोठ्याने बोलतात. सोल मात्र दर तासाने जाऊन पानं चाचपून पाही. पानं मऊच होती.

“थांब,” यूनिस म्हणाली. “ओलं पान तिकडे टिकणार नाही. डेल्फिन ऑक्टोबरात परत जाईल, तेव्हा पाठव. तोवर चांगलं ऊन मिळेल.”

“ऑक्टोबरपर्यंत मी देणार नाही,” सोल म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे माझं मन बदलेल. मी मला ओळखतो.”

यूनिसने सुरी त्याच्याकडे सरकवली. सोलने त्या दोन विती त्याच मऊ पानांनी विणल्या. विणायला ती सोपी गेली. हॅटीच्या पानांसारखी बोटांना झोंबली नाहीत. कड सुरेख दिसत होती. तिथे हिलोची ओल आत गेली आहे हे त्याला आणि यूनिसला माहीत होतं.

शनिवारी त्याने चटईची घडी घातली आणि बार्जवरच्या गाठी मारून ती बांधली. विमानतळ एवढा जवळ की तो घरातल्याच चपलांनी व्हॅनमधून डेल्फिनला सोडायला गेला आणि पाकीट घरी विसरला. काउंटरवरच्या मुलीने दुसऱ्या नगाचे पस्तीस डॉलर मागितले. सोल खिसे चाचपत राहिला.

“राहू दे,” डेल्फिन म्हणाली आणि स्वतःचं कार्ड काढलं. “तिकडे जिंकले तर माफ.”

“आजवर कधी जिंकलीस?”

“म्हणून तर म्हणते, माफ होणार नाही.”

तो घरी आला तेव्हा पाऊस थांबला होता. त्याने पुढच्या खोलीत खुर्ची ओढली. फळीवर आवाज झाला. थोड्या वेळाने विमान घरावरून गेलं, फडताळातल्या बश्या वाजल्या. सोल एकटाच होता आणि बोलत नव्हता, तरी तो ते जाईपर्यंत थांबला.

दोन दिवसांनी नोहेआने फोन केला आणि फोन जमिनीकडे वळवला. चटई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बसली होती. कुठे चढली नव्हती, कुठे उणी नव्हती. अननसांचा गालिचा कुठेच दिसत नव्हता. माइले पालथी पडून नाक चटईला लावून होती.

“ती विचारते, ह्याला कसला वास येतो,” नोहेआ म्हणाली.

“काय सांगितलंस?”

“मला सांगता आलं नाही, पपा.” तिने फोन स्वतःकडे वळवला. “मम्माने हे कधी... तुम्हाला माहीत होतं?”

“नव्हतं.”

“मला वाटलं तुम्हीच माप...”

“मी चौथी कड केली. तीही सगळी नाही. म्हणजे, केली मीच, पानं तिची.”

उन्हाळ्यात नोहेआचं येणं झालं नाही. ब्रायसनला सुटी मिळाली नाही, असं ती म्हणाली. पण ती रविवारी फोन करे तेव्हा चटईवर बसूनच करे आणि बोलता बोलता घरातलं काहीतरी सांगे. ब्रायसन आता सोफ्यावर न बसता खाली पाय पसरून जेवतो. समोरच्या घरची मेक्सिकन बाई मुलांना घेऊन येते आणि उठायचं नाव घेत नाही. एका रविवारी म्हणाली, “पपा, दारातली पाटी काढून टाकली.”

“का?”

“लागत नाही. दार उघडलं की लोकांना चटई दिसते. आपणच बूट काढतात. नळवाल्यानेही काढले.”

सोल त्या दिवशी यूनिसकडे मासे घेऊन गेला आणि हे सांगताना दोनदा हसला. यूनिस कुकरपाशी उभी होती. तिसऱ्यांदा सांगू लागला तेव्हा म्हणाली, “ऐकलं. मी इतकी बहिरी नाही.”

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नोहेआने फोन खोलीच्या एका कोपऱ्यात नेला. “पपा, हे बघा. बाकी सगळी चटई फळीसारखी घट्ट आहे. इथेच उघडली आहे. दोन विती असेल. बोट जातं.”

“ती माझी आहे,” सोल म्हणाला.

“माहीत आहे. म्हणजे, बाजूची आणि ही वेगळी दिसते.” तिने कोपरा बोटाने दाबला. “काय करू?”

“काही करू नकोस. खिळा मारू नकोस. ब्रायसनला गोंद लावू देऊ नकोस. रात्री ओलं फडकं ठेव, ओढू मात्र नकोस.”

“बरं.”

नोहेआ फोन ठेवत नव्हती. सोलला तिचा चेहरा अर्धाच दिसत होता, बाकी कासवांचा पडदा.

“पपा, तुम्हाला एक सांगायचं होतं. कधीपासून सांगायचं होतं. उन्हाळ्यात सुटीचं म्हणाले ते खोटं होतं. आम्ही... घरमालक हे घर विकत होता, आणि बँकेने...”

विमान आलं. पत्रा थरथरला, बश्या वाजल्या. नोहेआ तिथे थांबली, सोल इथे थांबला. विमान सावकाश गेलं. त्याला वाटलं, आज ते जरा जास्तच सावकाश गेलं.

“...बँकेने कर्ज दिलं,” ती म्हणाली. “सही झाली, पपा. घर घेतलं आम्ही.”

“मला माहीत आहे.”

“कोणी सांगितलं? डेल्फिन आंटीने?”

“तुझ्या आईने.”

नोहेआ रडली. तिचं रडून झाल्यावर माइलेने फडक्याने तिचं नाक पुसलं आणि त्याच फडक्याने स्वतःचंही पुसलं. सोल ते पाहत राहिला. मग म्हणाला, “कोपऱ्याला हात लावू नकोस. मी येऊन करीन.”

“तुम्ही? इथे? तुम्ही तर म्हणायचात, वाळवंटात माझा घोळणा फुटेल.”

“फुटू दे. जानेवारीत येतो. आणि ते अननस कुठे ठेवलेत?”

“गॅरेजमध्ये. का?”

“मला झोपायला. चटईवर मी झोपणार नाही. तिच्यावर घोरलेलं तुझ्या आईला आवडायचं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून त्याने पानं वेचली. कोरडा आठवडा होता. काटे काढून, पुसून त्याने ती व्हॅनमध्ये पसरली, काचा वर केल्या आणि व्हॅन काळ्या दगडांवर नेऊन उभी केली. मासे तो खांद्यावरून आणू लागला. दुकानात पायी जाऊ लागला. डेल्फिन कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, “सोल, गाडी असून असा चालतोस, लोक म्हणतील डोकं फिरलं.”

“पानं सुकतात आत.”

“किती दिवस?”

“तीन आठवडे.”

“दोन वितींना तीन आठवडे?”

सोल व्हॅनपाशी गेला. व्हॅनची काच गरम झाली होती. त्याने कपाळ टेकवून आत पाहिलं. पानांवर ऊन पडलं होतं आणि ती कडेने वळायला लागली होती. बंद काचेतूनही तो वास येत होता, ज्याचं नाव नोहेआला सांगता आलं नव्हतं. त्यालाही सांगता आलं नसतं.

नोव्हेंबरात त्याने जानेवारीचं तिकीट काढलं, जायचं आणि यायचं. डेल्फिनने नेहमीप्रमाणे ऑक्टोबरातली फेरी केली आणि नेहमीप्रमाणे हरून आली. तिचे पस्तीस डॉलर अजून द्यायचे आहेत.